चाकांवरचे बिऱ्हाड

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत पाठवा, असा संपादकांचा निरोप दरवर्षी न चुकता येतो. खुसखुशीत हा शब्द त्यांनी चकलीवरून उचलला असावा. पण चकली करणाऱ्यांना विचारा. मोहन कमी पडले तर ती दगड होते आणि जास्त झाले तर तेलात विरघळते. लेखाचेही तसेच आहे. यंदा माझ्याकडे भाजणी भरपूर आहे. मोहनाचा अंदाज मात्र चुकण्याचा संभव आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

या पानाच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की मी हिंडणारा प्राणी नव्हे. आयुष्यभर बांधकाम खात्यात रस्ते बांधले, म्हणजे दुसऱ्यांनी हिंडावे याची सोय केली. निवृत्त झाल्यावर घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढाच माझा राष्ट्रीय महामार्ग उरला. असा मी यंदा जुलै महिन्यात कॅनडातून निघालो, एक आंतरराष्ट्रीय सरहद्द दोनदा ओलांडली, अमेरिकेतल्या डोंगरांतून आणि माळांवरून नऊ दिवस हिंडलो, आणि तेही घर बरोबर घेऊन! विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. आमचे चाकांवर होते.

झाले असे. गेल्या हिवाळ्यात आमची ही न्हाणीघरात घसरून पडली. मी त्या वेळी मंडईत मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. शेजारच्या वहिनींनी आवाज ऐकला म्हणून बरे. हाड मोडले नाही, पण पंधरा दिवस अंथरूण धरावे लागले. आमची मुलगी कॅलगरीला असते. जावई, नात, नोकरी, घर, सगळे तिकडेच. तिला आम्ही चार दिवस काही कळवले नाही. कळवले तेव्हा ती फोनवर आधी रडली, मग रागावली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, आता पुरे. तुम्ही दोघं इकडे या. कायमचे."

कॅनडा सरकारने आईबापांसाठी एक 'सुपर व्हिसा' काढला आहे. 2022 पासून त्यावर एका खेपेला सलग पाच वर्षे राहता येते. तो मिळाला. त्याच सुमारास आमच्या पुण्यातल्या इमारतीच्या पुनर्विकासाचे कागद आले. जुनी इमारत पाडून नवी उठणार. ज्याला नवा फ्लॅट नको त्याने पैसे घेऊन मोकळे व्हावे. दोन्ही कागद मी एकाच खणात ठेवले आणि खण लावून टाकला. हिला विचारले तर ही म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर या वाक्याचा अर्थ कुठल्याही नवऱ्याला कळतो. त्याचा अर्थ 'तुम्ही म्हणाल तसे' असा मुळीच नसतो.

"ठरवायचं ते इथे येऊन ठरवा," मुलगी म्हणाली. आम्ही गेलो. आणि जाऊन आठवडा होतो न होतो तोच तिने नऊ दिवसांसाठी एक मोटारहोम भाड्याने आणून दारात उभी केली.

मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेले घर. आमचे पंचवीस फूट लांब होते. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा, तिथे नातीचे अंथरूण. मधे जेवायचे टेबल. रात्री ते खाली पाडले की त्याचा पलंग होतो. लहानसा ओटा, गॅसवर चालणारा फ्रीज, कपाटाएवढी न्हाणी, आणि मागच्या अंगाला आम्हा म्हाताऱ्यांचे शयनगृह, ज्यात एकाने कूस बदलायची तर दुसऱ्याची संमती लागते. पोटाखाली तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची आणि तिसरी... तिसरीला तिकडे काळी टाकी म्हणतात. तिच्याविषयी पुढे लिहिणे भाग आहे. फराळ करता करता वाचणाऱ्यांनी तेवढा मजकूर गाळावा. आणि पेट्रोल? लिटरला चार किलोमीटर! जावईबापूंनी हे सहज सांगितले. मी मात्र त्या रात्री मनात गुणाकार करीत जागा राहिलो.

मुलीने पहिल्या दिवशी दोन नियम सांगितले. पहिला, गाडी हलण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची, खणाची कडी लावायची. हिने तो मनावर घेतला नाही आणि पहिल्याच वळणावर साबुदाण्याचा डबा उघडून घरभर मोती सांडले. दुसरा नियम, मुक्कामाला पोचल्यावर चाकांखाली ठोकळे सारून घर सपाट करून घ्यायचे. त्या जातीच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे पाणी उताराने ओघळत फिरते तेव्हा गारवा येतो. घर कलले की तो बिघडतो. मुलगी रोज संध्याकाळी जमिनीवर गुडघे टेकून ठोकळे लावी आणि आत ओट्यावर ठेवलेल्या छोट्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आला की "झालं" म्हणे. उभ्या आयुष्यात मी पाणसळ लावून गवंड्यांना दमात घेतले. आता मुलगी पाणसळ लावत होती आणि मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

कॅलगरीहून दक्षिणेला निघाले की दोन्ही बाजूंना सपाट माळ. जुलैत कनोला फुललेला असतो. मोहरीच्या जातीचे पीक, शेतेच्या शेते हळदीने माखल्यासारखी पिवळी. तीन तास हे असे, आणि मग समोर एकदम रॉकी पर्वत. आपल्याकडे सह्याद्री येण्यापूर्वी टेकड्या येतात, चढण लागते, मोटारीचा आवाज बदलतो. इथे तसली प्रस्तावना नाही. टेबलावर पुस्तक उभे करावे तसा माळाच्या काठावर डोंगर उभा. त्याच्या पायथ्याशी वॉटर्टन. 1932 साली कॅनडाचे वॉटर्टन आणि अमेरिकेचे ग्लेशिअर ही दोन राष्ट्रीय उद्याने जोडून शांततेच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. कल्पना अल्बर्टा आणि माँटॅना इथल्या रोटरी मंडळींची. अस्वले, हरणे आणि पाणी यांना तिथे इकडून तिकडे जायला मुभा आहे. माणसांना मात्र पासपोर्ट लागतो.

वॉटर्टनचे तळे निम्मे-शिम्मे दोन देशांत आहे. बोटीतून जाताना जावईबापूंनी बोट दाखवले. डोंगराच्या दाट झाडीत वरपासून खालपर्यंत एक सरळ पट्टा तोडलेला होता. रुंदी वीस फूट. हीच ती सरहद्द, एकोणपन्नासावे अक्षांश. 1818 च्या करारात ही रेषा रॉकी पर्वतापर्यंत ठरली, 1846 मध्ये पुढे समुद्रापर्यंत गेली. सरहद्द दिसावी म्हणून दोन्ही सरकारांचा आयोग अजूनही ही झाडे तोडवीत असतो, कारण झाडे पुन्हा पुन्हा उगवतात. नात म्हणाली, "आजी, जंगलाचा भांग पाडलाय!" हिने नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या भांगाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी चीफ माउंटनच्या नाक्यावर पोचलो. नाका लहान, हिवाळ्यात तो बंदच असतो. डोंगरात एक खोली, एक फाटक आणि एक अमेरिकन साहेब. मुलगी-जावई-नात यांचे पासपोर्ट कॅनडाचे, आमचे दोघांचे भारताचे. साहेबाने आधी फ्रीज तपासला. लिंबे निघाली. कॅनडात लिंबे पिकत नाहीत, म्हणजे ती कुठल्या तरी तिसऱ्या देशातली. तसली फळे आत नेता येत नाहीत. झाडांचे रोग पसरतात म्हणे. सहा लिंबे जप्त झाली. हिचा चेहरा पडला, कारण दोन दिवसांवर आषाढी एकादशी होती आणि लिंबाशिवाय खिचडी तिला चालत नाही.

मग साहेबाने आम्हा दोघांकडे वळून, अगदी सवयीने, विचारले, "तुमचं घर कुठे?"

मी म्हणालो, "पुणे."

त्याच क्षणी ही म्हणाली, "कॅलगरी."

साहेबाने मान वर केली. एकाच पत्त्याचे दोन पासपोर्ट, एकच आडनाव आणि घरे दोन! त्याने आम्हाला आत नेऊन बसवले. परतीचे तिकीट आहे का, किती दिवस राहणार, पुण्यात घर कोणाच्या नावावर, असे सगळे विचारले. वीस मिनिटांनी शिक्के उमटले आणि फाटक उघडले. साहेब सज्जन होता. निघताना त्याने नातीला हातही केला.

गाडीत मात्र कोणी बोलेना. मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. मी हिच्याकडे पाहत नव्हतो आणि ही माझ्याकडे. खरे सांगायचे तर मला लागले होते. 'तुम्ही म्हणाल तसे' या वाक्याचा अर्थ मला नीट कळतो, असा माझा इतकी वर्षे समज होता. मला वाटे, आपल्यासारखेच हिलाही पुणे सुटणार नाही. फक्त मुलीचे मन मोडू नये म्हणून ही गप्प आहे. आणि ही तर सरकारी माणसासमोर घर सांगून मोकळी झाली.

सेंट मेरीला मुक्काम पडला. तिथून 'गोइंग टु द सन' नावाचा रस्ता निघतो. सूर्याकडे नेणारा रस्ता! पन्नास मैल, डोंगराच्या कड्यातून कोरून काढलेला, 1933 साली वाहतुकीला खुला झाला. माथ्यावरची लोगन खिंड 6,646 फुटांवर. एकवीस फुटांहून लांब गाडीला घाटाच्या मधल्या भागात बंदी आहे. म्हणजे आमचे बिऱ्हाड खालीच ठेवावे लागले. वर गेलो ते लाल बसमधून. या बसगाड्या 1936 ते 1939 या काळात बांधलेल्या, वरचे कापडी छप्पर गुंडाळून ठेवायचे आणि उभे राहून डोंगर पाहायचे. मी डोंगर कमी आणि रस्ता जास्त पाहिला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी, मधे दगडी कठडा, आणि चढ असा बेताचा राखलेला की जुन्या गाडीलाही धाप लागू नये. वरंधा घाटातल्या आणि बोरघाटातल्या माणसांना हा घाट दाखवावा असे वाटले. त्यांना त्यात ओळखीचे पुष्कळ सापडेल.

खिंडीतून बर्फाचे पांढरे ठिपके दिसत होते. या उद्यानाचे नाव हिमनद्यांवरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे सुमारे दीडशे हिमनद्या असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. 2015 च्या मोजणीत 26 उरल्या. जवळच ट्रिपल डिव्हाइड नावाचे शिखर आहे. त्याच्या माथ्यावर पडलेल्या पाण्याच्या तीन वाटा होतात. एक पॅसिफिकला जाते, दुसरी मेक्सिकोच्या आखातातून अटलांटिकला आणि तिसरी उत्तरेला हडसनच्या उपसागराला. एकाच ढगातले तीन थेंब हातभर अंतरावर पडतात आणि पुन्हा म्हणून भेटत नाहीत. हे ऐकून ही एवढेच म्हणाली, "एकाच घरातली भावंडं अशीच जातात."

एकादशीला पहाटे उठून हिने खिचडी केली. गावातल्या दुकानात दोन लिंबे मिळाली, अमेरिकेतच विकत घेतलेली, म्हणजे कायदेशीर. त्याच दिवशी पालख्या पंढरपुरात पोचलेल्या. वारीतही दिंडीबरोबर ट्रक असतात, मुक्कामाला राहुट्या पडतात, पहाटे उठतात, पुढच्या गावी पुन्हा पडतात. तीन आठवडे लाखो माणसे बिऱ्हाड हलवीत चालतात आणि कोणी त्यांना घर कुठे म्हणून विचारीत नाही. हे मी बोलून दाखवले. हिने ऐकले न ऐकलेसे केले आणि खिचडीवर लिंबू पिळले.

त्याच दुपारी काळी टाकी भरल्याचा दिवा लागला. (फराळवाल्यांनी इथून एक परिच्छेद सोडावा.) टाकी रिकामी करायची जागा छावणीच्या टोकाला असते. जमिनीत एक भोक. त्यात जाड नळी खोचायची, दुसरे टोक गाडीला लावायचे, आधी काळ्या टाकीची झडप ओढायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे मागच्या पाण्याने नळी धुऊन निघते. मुलगी हातमोजे चढवून बसली. झुरळ दिसले की पाटावर चढून किंचाळणारी ही पोरगी! मला राहवले नाही. म्हटले, "सर, मी करतो. मी खात्यातला माणूस आहे." तिने नळी माझ्या हाती दिली. मी झडप ओढली. नळीचे टोक नीट बसले की नाही हे खात्यातल्या माणसाने पाहिले नव्हते. माझ्या बुटांचे काय झाले ते मी लिहीत नाही.

मुलगी आधी किंचाळली, मग हसली, मग हसता हसता खाली बसली. मीही हसू लागलो. पाण्याच्या नळाखाली माझे बूट धरून ती म्हणाली, "बाबा, चौदा वर्षं मी घर चालवतेय इथे. पहिल्या हिवाळ्यात तळघरातला पाइप गोठून फुटला होता. हे गावाला गेलेले. मी एकटी, रात्रभर बादल्या उपसत होते."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला काळजी नको म्हणून."

मी गप्प झालो. आई पडल्याचे तिला आम्ही चार दिवस सांगितले नव्हते, तेही याच कारणासाठी. दर रविवारी फोनवर आम्ही तिला 'सगळं छान' म्हणत होतो आणि ती आम्हाला 'सगळं मस्त'. चौदा वर्षे!

डोंगर संपले ते जसे सुरू झाले तसेच, एकाएकी. ब्राउनिंगपासून माळ लागला. हा सारा मुलूख ब्लॅकफूट लोकांचा. सरहद्दीची रेषा त्यांच्या मधून गेली. काही जमाती अल्बर्टात राहिल्या, एक माँटॅनात, आणि एकाच कुळातल्या लोकांना दोन देश मिळाले. त्या काळी अमेरिकन सैनिक पाठलाग करीत येत आणि या न दिसणाऱ्या रेषेपाशी मंतरल्यासारखे थांबत. म्हणून माळावरच्या जमातींनी तिला मंतरलेली रेषा म्हटले. सू जमातीचा पुढारी सिटिंग बुल 1877 साली आपली माणसे घेऊन ती ओलांडून कॅनडात आला. चार वर्षे राहिला. रानगवे संपले, उपासमार सुरू झाली, आणि 1881 मध्ये तो परत गेला आणि शरण आला. पलीकडे जीव वाचला होता. पण तिथे पोट भरेना.

माळावर वारा भयंकर. ब्राउनिंगची हवा अशी लहरी की 1916 च्या जानेवारीत तिथे चोवीस तासांत उष्णतामान शंभर अंश फॅरनहाइटने उतरले होते! आमचे बिऱ्हाड उंच, बाजू सपाट. वाऱ्याचा तडाखा बसला की सगळे घर शेजारच्या पट्ट्यात सरके. जावईबापूंचे पंजे चाकावर पांढरे पडले होते. ही मागे बसून रामरक्षा म्हणत होती. एका जोरात कपाट उघडून ताटल्या धडाधडा कोसळल्या. शेवटी एका धान्याच्या उंच कोठाराच्या आडोशाला गाडी उभी केली आणि तासभर पाचही जण टेबलाभोवती दाटीवाटीने बसून राहिलो. घर डगडगत होते. नातीने आजीचा एक हात धरला होता, मुलीने दुसरा. मी पाहत होतो. माझ्या घराचा सगळा ऐवज त्या क्षणी त्या पंचवीस फुटांत होता.

वारा पडल्यावर शेल्बी नावाचे गाव लागले. या गावाने 1923 साली मोठ्या हौसेने जॅक डेम्प्सी आणि टॉमी गिबन्स यांची जगज्जेतेपदाची कुस्ती, म्हणजे मुष्टियुद्ध, भरवले. माळावर हजारो माणसांचा आखाडा बांधला. तिकिटे खपली नाहीत, डेम्प्सी जिंकून पैसे घेऊन गेला आणि गावातल्या बँका बुडाल्या. पुनर्विकासाचे कागद ठेवलेला आमचा खण मला एकदम आठवला.

परतीची सरहद्द कूट्सची. कॅनडाच्या बाईंनी विचारले, "काही जाहीर करायचं आहे?" ही पुढे वाकून गंभीरपणे म्हणाली, "एक लिंबू आहे." बाई हसल्या. लिंबू आमच्याबरोबर आत आले.

त्या संध्याकाळी मुक्काम मिल्क रिव्हरच्या काठी होता. मिल्क रिव्हर म्हणजे दूधनदी. 1805 साली लुइस आणि क्लार्क यांची तुकडी मिसुरी नदीतून वर आली तेव्हा लुइसने तिचा रंग पाहून हे नाव ठेवले. चहात चमचाभर दूध घातल्यावर येतो तसा रंग, असे त्याने लिहून ठेवले आहे. आमच्या हिला तो माणूस तेवढ्यावरून आवडला. काठावर वाळूच्या दगडाचे चित्रविचित्र सुळके आहेत आणि त्यांच्यावर ब्लॅकफूट लोकांनी कोरलेली शेकडो चित्रे. 2019 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली. समोर दक्षिणेला, माळाच्या पलीकडे, निळ्या टेकड्या दिसत होत्या. त्या अमेरिकेत.

चहा झाला. मुलगी ठोकळे लावून येऊन बसली. जावईबापू नातीला सांगत होते, "ही नदी माँटॅनात उगवते. तिथून सरहद्द ओलांडून आपल्याकडे येते, काही दिवस इथे वाहते आणि मग पुन्हा माँटॅनात जाते. पुढे मिसुरीला मिळते." या नदीवरून दोन्ही देश भांडले होते. 1909 साली करार करून त्यांनी पाणी वाटून घेतले; आता अमेरिकेतल्या शेतांचे पाणी एका कालव्याने याच नदीत सोडतात, ते कॅनडातून फिरून परत अमेरिकेत येते.

"म्हणजे माहेरी परत जाते म्हणायची," ही म्हणाली. मग थोड्या वेळाने, नदीकडेच पाहत, "त्या नाक्यावरच्या साहेबानं हिला विचारलं असतं, घर कुठे, तर हिनं काय सांगितलं असतं हो?"

चार दिवसांत तो विषय पहिल्यांदा निघाला. मी म्हणालो, "तू कॅलगरी सांगितलंस."

"सांगितलं. तुम्ही पुणे म्हणणार हे ठाऊक होतं. दोघांनी पुणे म्हटलं असतं तर मागे बसलेल्या पोरीला काय वाटलं असतं?" मग ती मुलीकडे वळली. "मला कायमचं राहायचं नाही गं. दुपारी तुम्ही सगळे कामाला जाता, मी खिडकीत बसते, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण परत जायचंय म्हणून माझं घर इथे नाही, असंही मला कोणासमोर म्हणवणार नाही."

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आणि पुन्हा पडलीस तर?"

"इथे काय पडायचं नाही? केवढा बर्फ असतो तुमच्याकडे!"

"आई, थट्टा नको. मला तिकडे पोचायला चोवीस तास लागतात."

याला उत्तर नव्हते. नदीचा आवाज येत होता. चोवीस तास हे चोवीस तासच. कोणत्याही करारात ते कमी होत नाहीत. शेवटी मी म्हणालो, "मेथीच्या जुडीला मी आता इतका वेळ लावणार नाही." पोरगी रडता रडता हसली.

मग आम्ही तहाला बसलो. नवा फ्लॅट घ्यायचा, पैसे घेऊन मोकळे व्हायचे नाही. न्हाणीघराला उंबरा नको, भिंतीला धरायचे दांडे हवेत. रात्री सोबतीला एक बाई ठेवायची, शेजारच्या वहिनींकडे किल्ली. मेपासून सप्टेंबरपर्यंत कॅलगरी, दिवाळी आणि थंडी पुण्यात, तब्येत साथ देईल तोवर. पुढे नाही दिली तर पुन्हा बसायचे आणि पुन्हा ठरवायचे. आणि शेवटचे कलम मुलीने घातले. पडलात, आजारी झालात, काहीही झाले, तर त्याच दिवशी फोन. मी म्हणालो, "पाइप फुटला तरी." ती म्हणाली, "पाइप फुटला तरी."

सप्टेंबरअखेर आम्ही परत आलो. पुनर्विकासाच्या कागदांवर मी सही केली आहे. आमची इमारत पाडणार. नवी होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचे. म्हणजे या जुन्या घरातली ही शेवटची दिवाळी. आकाशकंदील नेहमीच्याच खिळ्याला लावला आहे. न्हाणीघरात मी आत्ताच एक दांडा बसवून घेतला. दोन-चार आठवड्यांसाठी कशाला, असे गवंडी म्हणाला. मी पाणसळ लावून त्याला दमात घेतले.

एक सवय मात्र अंगात मुरली आहे. रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांच्या कड्या लावतो. काल हिने पाहिले आणि हसून म्हणाली, "अहो, हे घर कुठे चाललंय?"

"तुळशीच्या लग्नानंतर चाललंय," मी म्हणालो.

तिने साबुदाण्याचा डबा आत सारला आणि शेवटची कडी स्वतःच लावली.